विंचचा सिंथेटिक दोर दरवेळी त्याच जागी तुटतो: आधी कारण, मग जोड

गाडीच्या विंचचा, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचा, दोर तुटला की बहुतेकांचा हात थेट फिडकडे (दोराच्या पोटात टोक ओवायच्या सळईकडे) जातो. जोड तासाभरात होतो, गाडी पुन्हा चिखलात उतरते, आणि पाच-सहा ओढी झाल्या की दोर जोडापासून हातभर अंतरावर पुन्हा जातो. मग बोल जोडाला लागतो. जोड बघावा तर शाबूत असतो. पहिल्यांदा दोराला ज्या वस्तूने खाल्लं ती गाडीवर तशीच असते, आणि आता ती दोराचा पुढचा तुकडा खात असते. म्हणून सुरी काढायच्या आधी मोजायची टेप काढा.

इथे सगळं १२ पेडी, आतून पोकळ असलेल्या एचएमपीई (अतिशय मजबूत पॉलिएथिलीन तंतूंच्या) दोराबद्दल आहे. डायनीमा, स्पेक्ट्रा या नावांनी मिळतो तोच. वरून वेगळं विणलेलं आवरण असलेला दोर तुमच्याकडे असेल तर त्याचा स्प्लाइस, म्हणजे विणून दिलेला जोड, वेगळा. खालची मापं त्याला लावू नका.

तुटलेली जागा काय सांगते

हुकापासून तुटलेल्या जागेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. मागच्या वेळचं अंतर आठवत असेल तर तेही. अंतर दरवेळी साधारण तेच असेल तर दोष गाडीवर आहे: फेअरलीड (विंचच्या पुढची, दोर जिच्यातून बाहेर येतो ती चौकट), ड्रम, बंपरची खाच. अंतर दरवेळी वेगळं असेल तर दोष बहुधा वाटेवरचा, म्हणजे दगडाची धार, झाडाची साल, दोरावरून गेलेलं चाक.

टोकाच्या अगदी शेंड्यावरून निष्कर्ष काढू नका. एचएमपीई तुटताना तंतूंच्या घर्षणानेच शेंड्यावर वितळल्याच्या बारीक गाठी येऊ शकतात, त्यामुळे प्रत्येक तुटलेला दोर ‘जळल्यासारखा’ दिसतो. शेंड्यापासून वीत-दीड वीत मागे बघा. तिथे पेड मोकळे, मऊ आणि टोक एका रेषेत छाटल्यासारखं असेल तर धार लागली आहे. पेड वेगवेगळ्या लांबीवर तुटलेत आणि आसपास भरपूर लव आहे, तर तो भाग बरेच दिवस घासला जात होता. मागेही दोर कडक, काचेसारखा चकचकीत असेल तर उष्णता.

चकाकीच्या बाबतीत एक गोंधळ नेहमी होतो. ड्रमवर दाबून बसलेला दोरही चपटा आणि चकचकीत दिसतो, आणि तो चांगला असतो. ओळखायची रीत सोपी आहे. तो भाग दोन्ही हातांत धरा, हात एकमेकांकडे ढकला, वीण फुगू द्या, मग चार-पाच वेळा वाकवा. पेड सुटे झाले, दोर पुन्हा गोल झाला, चकाकी गेली, तर तो नुसता दाबला होता. पेड एकमेकांना चिकटलेलेच राहिले, वाकवताना करकर आवाज आला, तर तंतू वितळून एकजीव झालेत. तो भाग काढून टाकायचा. त्याला इलाज नाही.

बारीक लव सगळीकडे असेल तर घाबरायचं कारण नाही. ती खालच्या तंतूंना थोडं झाकतेच. पेड मात्र एकेक करून तपासा. वीण उघडून आत डोकावा. आत पांढरी भुकटी किंवा रेती दिसली तर दोर आतून घासतोय, आणि ते बाहेरून कधीच कळत नाही. चांगल्या भागाशी तुलना करता पेडाची जाडी पाव हिश्शाने कमी झाली असेल, किंवा जवळजवळचे दोन पेड कापले गेले असतील, तर तो तुकडा कापून जोड द्यायचा. एकच पेड गेला असेल तर कागदावर बाराव्या हिश्शाचंच नुकसान दिसतं, पण भार असमान वाटला जातो. आमच्या मते तोही कापावा, निदान हुकाकडच्या अर्ध्या दोरात तरी. अशा जागा तीन-चार निघाल्या, किंवा सगळा दोरच उन्हाने फिकट, राठ झाला असेल, तर जोडकाम करत बसू नका. नवा दोर घ्या.

फेअरलीड

स्टीलची वायर काढून सिंथेटिक दोर घातला आणि फेअरलीड जुनाच ठेवला, हे पुन्हापुन्हा तुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. वायरने रोलरवर खाचा पाडलेल्या असतात, आणि खाचेच्या काठाला नखाला जाणवेल न जाणवेल अशी करवत उभी राहते. शिवाय रोलर फेअरलीडच्या कोपऱ्यात उभ्या आणि आडव्या रोलरमध्ये फट असते. तिरकं ओढलं की दोर त्या फटीत शिरतो आणि चिमटला जातो. दोराच्या एकाच अंगाला, ठरावीक अंतराने लव आली असेल तर हाच गुन्हेगार.

तपासायला कापसाचा बोळा घ्या आणि फेअरलीडच्या आतल्या गोलाईवरून सगळीकडून फिरवा, मागच्या काठावरूनही. मागचा काठ सगळे विसरतात. जिथे कापूस अडकून तंतू मागे राहतो, तिथे दोरही अडकतो. ॲल्युमिनियमच्या हॉज फेअरलीडवर (रोलर नसलेल्या, गोलाई दिलेल्या एकसंध फेअरलीडवर) किरकोळ खरवड असेल तर ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोलाईच्या दिशेने घासून काढा आणि पुन्हा बोळा फिरवा. खोल खाच असेल तर घासत बसू नका, गोलाईच बिघडते. फेअरलीड बदला. बोळा बंपरच्या खाचेवर आणि नंबर प्लेटच्या पट्टीवरही फिरवा. पातळ पत्र्याची कड दोराला सुरीपेक्षा कमी नसते.

ड्रमची उष्णता

तुटलेली जागा ड्रमकडच्या टोकाला असेल आणि दोर तिथे कडक असेल तर ब्रेककडे बघायचं. बऱ्याच प्लॅनेटरी (एकाभोवती एक फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या) विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच बसवलेला असतो. भार असताना मोटर उलटी चालवून दोर सोडला की तो ब्रेक सतत घासत राहतो आणि सगळी उष्णता ड्रमच्या भिंतीतून पहिल्या थरात जाते. एचएमपीई साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळतो, पण तेवढं तापायची गरजच नाही. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढेच भाराखाली तो ताणत जातो आणि ताकद गमावू लागतो. वरून काही दिसत नाही, कारण पहिला थर कोणी उलगडून बघतच नाही.

म्हणून भार नसताना दोर नेहमी क्लच सोडून हाताने ओढून काढा. भाराखाली गाडी खाली सोडायचीच असेल तर थोडं थोडं सोडा आणि मधे थांबा. थांबल्यावर, रिमोट काढून ठेवून, ड्रमच्या कडेला हात लावा. हात टिकत नसेल तर आणखी सोडू नका. ड्रमकडच्या पहिल्या दोनेक मीटरवर उष्णतारोधक आवरण असलेला दोर मिळतो. ते आवरण कामाचं आहे, पण चुकीच्या सवयीवरचं औषध नाही.

वरचा वेढा खाली रुतणे

नवा दोर हाताने सैल गुंडाळला आणि पहिल्याच जोरदार ओढीत वरचा वेढा खालच्या थरांत रुतला, हे इतकं सर्रास होतं की लोक त्याला दोराचा दोष समजतात. एचएमपीई घसरडा असतो. खालचे वेढे ताणाने घट्ट बसलेले नसतील तर वरचा दोर त्यांच्यामधून पाचरीसारखा आत शिरतो. मग दोर सोडताना तो अडकतो, हिसक्याने सुटतो, आणि त्या हिसक्यात दोन्ही वेढे खरचटतात. खूण अशी: तुटलेल्या जागेच्या आसपास एक चपटा पट्टा आणि त्याच्या कडेला तिरक्या रेषेत लव. तिरकं ओढताना एका बाजूला ढीग होऊन दोर ड्रमच्या कडेपलीकडे, हाउसिंगच्या सळईवर चढला असेल तरी असाच चट्टा दिसतो.

हे चारही मुद्दे तपासून झाले की मगच कापायला घ्या.

जोडाची तयारी

लागणारं सामान थोडं आहे: धारदार सुरी, कापडी किंवा इलेक्ट्रिकल टेप, मार्कर, मोजायची टेप, फिड. फिड नसेल तर अर्धा मीटर पातळ ताठ तार दुमडून तिचा लांबट फासा करा, तेवढं पुरतं. त्याशिवाय शिवायला जाड मेणाचा धागा आणि सुई.

कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळा आणि टेपवरूनच कापा. टोक लायटरने वितळवू नका. नायलॉनला ती सवय चालते, इथे नाही: वितळलेला कडक गोळा दोराच्या आत सरकताना वीण फाडतो, आणि उष्णता मागच्या चांगल्या तंतूंपर्यंत पोचते ते वेगळंच. शक्यतो दोर आधी साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन वाळवा. रेती आत कोंडून जोड दिला तर तो आतून झिजत राहतो.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते माप. टोक दोराच्या पोटात जेवढं पुरायचं ती लांबी दोराच्या जाडीच्या ७२ पट. ८ मिमी दोराला ५८० मिमी, १० मिमीला ७२०, १२ मिमीला ८७०. दोर ताणला की बाहेरची वीण आवळते आणि आतलं टोक पकडते. जोडाची ताकद या पकडीची आहे. दोर घसरडा, म्हणून पकडीला लांबी लागते. ‘ब्रमेल लॉक (दोर एकमेकांच्या विणीतून आरपार ओवून केलेली अडकवण) केलंय, वीतभर पुरलं तरी चालेल’ हा समज घातक आहे. लॉक फक्त भार नसताना टोक बाहेर सरकू देत नाही. भार पेलतं ते पुरलेलं टोक.

पुरायच्या आधी टोक निमुळतं करायचं. पुरायच्या लांबीचा शेवटचा तिसरा हिस्सा, म्हणजे १० मिमी दोरात शेवटचे २४० मिमी. तिथपासून दर ३० मिमीला एक पेड बाहेर ओढून कापा, एकदा उजवीकडे फिरणारा, पुढच्या वेळी डावीकडे फिरणारा. आठ पेड गेले की शेंड्याला चारच उरतात. हे टाळलं तर पुरलेलं टोक जिथे संपतं तिथे दोर एकदम जाडाचा बारीक होतो आणि बरोबर त्याच पायरीवर तुटतो. जोडापासून हातभर अंतरावर तुटण्याचं, फेअरलीड स्वच्छ असतानाही, हे एक कारण आहे.

मधेच तुटलेला दोर जोडणे

दोन टोकांना क आणि ख म्हणू. दोन्हींवर शेंड्यापासून ७२० मिमीवर (हे माप १० मिमी दोराचं) खूण करा. दोन्ही टोकं निमुळती करून शेंड्यांना टेप लावा. ख च्या खुणेवर वीण उघडा, सहा पेड एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला ठेवून मधून क चं टोक ओवा, आणि क ची खूण तिथे पोचेपर्यंत ओढा. आता क च्या मुख्य दोरात, खुणेला लागूनच, तशीच वीण उघडून ख चं टोक ओवा. दोन्हीकडून ओढून ही गाठ, म्हणजेच लॉक, मिटवा. मधे फट राहता कामा नये.

आता पुरणं. क चं टोक ख च्या मुख्य दोरात, ख चं टोक क च्या मुख्य दोरात. लॉकला लागून फिड पोकळ पोटात घाला, दोर फिडवर गोळा करत न्या, आणि पुरायच्या लांबीपेक्षा थोडं पुढे बाहेर काढा. टोक फिडला अडकवून, पायजम्यात नाडी ओवतात तसं, ओढून घ्या. फिड आत जाताना एकही पेड टोचला जात नाही ना हे बोटांनी चाचपत राहा. एक पेड जरी फिडच्या चुकीच्या बाजूला गेला तर तिथे वीण वेडीवाकडी दिसते. दुर्लक्ष न करता मागे येऊन पुन्हा घाला. टोकाची टेप काढा, लॉक एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताने दोर लॉककडून बाहेरच्या दिशेने पिळत-सरकवत न्या. गोळा झालेली वीण सरळ होते आणि शेंडा आपोआप आत गडप होतो. गडप झाला नाही तर वीण अजून सैल आहे, पुन्हा सरकवा. बाहेर राहिलेला शेंडा कापून ‘नीट’ करायचा मोह आवरा.

दोन्ही बाजू झाल्या की लॉकपासून पुढे वीतभर, आरपार आठ-दहा सैलसर टाके घाला. टाके आवळू नका, त्यांनी पेड एकत्र बांधायचे नाहीत. या जोडात दोराची लांबी साधारण दीड मीटरने कमी होते आणि तेवढाच पट्टा दुप्पट जाड होतो.

हुकाकडचा डोळा

तुटणं शेवटच्या दोन-तीन मीटरांत असेल तर मधे जोड देऊच नका. तेवढा तुकडा टाकून नवा डोळा (हुक अडकवायचा फासा) करा, एका जोडाऐवजी स्वच्छ दोर मिळतो. शेंड्यापासून ७२० मिमीवर (१० मिमी दोराला) पहिली खूण, तिथून थिंबलच्या (डोळ्याच्या आत बसणाऱ्या, दोराला हुकापासून जपणाऱ्या धातूच्या कड्याच्या) घेराएवढ्या अंतरावर दुसरी. नळीचा थिंबल असेल तर तो आत्ताच दोरात ओवा, लॉक झाल्यावर बसत नाही. टोक दुसऱ्या खुणेतून ओवून पहिली खूण तिथे आणा. मग पहिल्या खुणेवर टोकाची वीण उघडून दोराचं दुसरं टोक, म्हणजे सगळा दोर, त्यातून ओढा. यासाठी दोर ड्रमवरून पूर्ण काढावा लागतो, आणि तो तसाही काढायचाच आहे, पहिला थर बघायला. पुढे पुरणं वरच्यासारखंच. थिंबल डोळ्यात हलत असेल तर माप चुकलं. सैल थिंबल आडवा होतो आणि त्याची कड दोराला कापते.

रानात, अंधारात

साधी गाठ मारू नका. गाठीत दोराची निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद जाते, आणि एचएमपीईच्या गाठी भाराखाली सरकतात. निमुळतं करायला वेळ नसेल तर नका करू, पण पुरायची लांबी पूर्ण ठेवा. एवढ्यावर गाडी बाहेर निघते. स्नॅच ब्लॉक (बाजूने उघडणारी कप्पी) लावून दोर दुहेरी करा, म्हणजे दोरावरचा ताण साधारण निम्मा होतो. घरी आल्यावर तो जोड उसवून नीट करायचा. दोराच्या रेषेत कोणी उभं राहू नये. सिंथेटिक दोर वायरइतका उसळत नाही, पण त्याला अडकवलेला हुक किंवा शॅकल उसळतो.

पुन्हा गुंडाळताना

दोर ड्रमवर कोणत्या बाजूने जातो ते विंचवरच्या बाणाशी ताडून बघा. उलटा गुंडाळला तर बऱ्याच विंचचा ब्रेक भार धरत नाही. ड्रमवरचा स्क्रू किंवा लग दोर जागेवर ठेवण्यापुरता असतो, भार वेढ्यांच्या घर्षणावर असतो. वायरला पाच वेढे पुरले तरी सिंथेटिकला ड्रमवर किमान दहा हवेत. ६४ मिमी व्यासाच्या आणि २२५ मिमी रुंद ड्रमवर १० मिमी दोराचा एक वेढा सुमारे २३ सेंमी होतो, म्हणजे दहा वेढ्यांना २.३ मीटर आणि पूर्ण पहिल्या थराला सुमारे ५ मीटर. दहाव्या वेढ्यावर दोराला भडक रंगाचा पट्टा द्या. ओढताना तो दिसला की थांबायचं.

गुंडाळताना ताण हवाच. सौम्य चढावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, दोर वरच्या भक्कम खुंटाला अडकवून, गाडीला स्वतःच्याच विंचने वर घ्या. आत चालक ब्रेकवर पाय ठेवून हलका अडथळा देत राहील. वेढे एकमेकांना लागून बसवायचे, पण फिरत्या ड्रमजवळ हात न्यायचा नाही. थांबवा, सरळ करा, पुन्हा चालवा. मधला जाड जोड पहिल्या थरात येत असेल तर दोर उलटा फिरवून दुसरं टोक ड्रमकडे घ्या, अर्थात ते टोक उष्णतेने गेलेलं नाही हे पाहून. हुक फेअरलीडमध्ये खेचून घट्ट करू नका. शेवटचा हातभर दोर रिमोटच्या बटणाला टिचक्या देत घ्या. नाहीतर तिथे थिंबलच्या गळ्याशी दोर रोज थोडा थोडा चिरडला जातो.

नव्या जोडाच्या दोन्ही तोंडांशी, जिथे टोक आत शिरतं तिथे, मार्करने आडवी रेघ मारा. पहिल्या तीन-चार ओढी हलक्या भाराने, हळूहळू वाढवत द्या. वीण बसताना रेघा मिमी-दोन मिमी सरकल्या आणि थांबल्या तर ठीक. प्रत्येक ओढीला सरकतच असतील तर पुरलेली लांबी कमी पडली आहे: टाके उसवा, टोक बाहेर काढा आणि माप पुन्हा घ्या.